हिमबिबट्या आणि कडक भाकरी

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४३ अंश, कूलरमधलं पाणी तळाला गेलेलं, आणि टीव्हीवर एक हिमबिबट्या बर्फातून निवांत चाललेला. करर्र, करर्र. तेवढ्यात स्वयंपाकघरात आईनं आमटीत चुरायला कडक भाकरी मोडली आणि मी दचकून टीव्हीकडंच बघितलं. आवाज अगदी तोच.

कॅमेरा बसलेला असतो समोरच्या डोंगरावर. तिथून पावलांचा आवाज कुठला यायला? तो मागाहून स्टुडिओत करतात. बर्फावरच्या पावलांसाठी पिशवीत मक्याचं पीठ भरून दाबतात म्हणे. हे कळल्यापासून मला एक खोड लागली आहे. शिकार सुरू झाली की मी आवाज बंद करतो. ढोल नाहीत, दबक्या सुरातलं निवेदन नाही. सिंहीण नुसती पळते, दमते, खाली बसते. आईला हे अजिबात चालत नाही. "आवाज लाव की रे, कुणाच्या बाजूनं बसायचं कळंना झालंय!"

तिचं काही चुकत नाही. आधी उपाशी बछडे दाखवले की आपण हरणाच्या जिवावर उठतो. आधी पाडस दाखवलं की तीच सिंहीण दुष्ट. आई एका दुपारीत दोन्ही पक्षांत जाऊन येते. हल्ली तेही चालतंच.

पिठापर्यंत ठीक आहे. पण डिस्नेच्या १९५८ च्या 'व्हाइट वाइल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीनं पाण्यात उड्या टाकतात. प्रत्यक्षात ते विकत आणले होते, फिरत्या चकतीवर पळवले होते आणि कड्यावरून ढकलले होते. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

मी सहावीत असताना मामा मला एम-एटीवर बसवून माळढोक पक्षी दाखवायला सोलापूरजवळच्या नान्नजला घेऊन गेला होता. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. पाऊस होऊन गेलेला, मोज्यांत कुसळं. वाटेतच मामानं सगळा खेळ सांगून टाकला: नर गळ्याची पिशवी फुगवणार, शेपूट पाठीवर घेणार आणि असा घुमणार की पार लांबवर ऐकू येईल. एका बाभळीखाली दोन तास बसलो. काळविटं आली, गेली. शेंगाचटणी संपली. मग मामानं कोपरानं ढोसलं. "ते बघ बे!"

लांब गवतातून एक मान वर आली होती. पांढरी, वर काळी टोपी. मामा कुजबुजायला लागला, "आता फुगवणार... थांब... आता बघ."

पक्ष्यानं दोन पावलं टाकली. खालचं काहीतरी टिपलं, टोळ असावा. पुन्हा दोन पावलं. मग तो गवताआड गेला. झालं. येताना मामा इतका गप्प, जणू त्याचाच प्रयोग पडला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी सांगितलं: नर घुमला, पिशवी फुटबॉलएवढी झाली आणि मागून लांडगा आला. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. लांडगा झडप घालणार तोच तास संपला. मक्याचं पीठ मीही भरपूर दाबलं होतं.

परवा हे सगळं आईला सांगितलं. मामाची गंमत वाटून ती खूप हसली. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, म्हणजे मी बघितला तो पक्षी सरकारी संरक्षणातला होता. पण माळ नांगराखाली गेला, वरून विजेच्या तारा आल्या. या जड पक्ष्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. आता तिथं एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

हसून झाल्यावर आईनं विचारलं, "अजून आहेत का रे तिथं?"

मी रिमोट शोधायला लागलो.