तुम्ही विचारलंत म्हणून: गियरच्या दांडीत एवढं काय आहे?

"भाऊ, इंजिन बसवाले लागला नाही तेवढा टाइम तुमी या दांडीले काऊन लावला?" वावरात गाडी पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक चक्कर मारून झाली की हेच विचारतो. दांडी म्हणजे हातातल्या लिव्हरपासून गियरबॉक्सपर्यंत जाणारी जोडणी. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मी बांधलेली गाडी म्हणजे पाइपांचा सांगाडा, दोन सीटा आणि त्यांच्या मागे मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन. ८०० बनणं २०१४ मध्ये बंद झालं, पण कबाड्याकडे तिचे भाग अजून मिळतात आणि तालुक्यातला कुठलाही मिस्त्री तो गियरबॉक्स डोळे मिटून खोलतो. रस्त्यावर ही गाडी मी नेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर चालत नाही. ती चालते आमच्याच वावरातल्या गाडवाटेवर.

मूळ ८०० मध्ये इंजिन पुढे, आडवं. गियरबॉक्समधून निघणाऱ्या दांड्याचं तोंड मागे, म्हणजे ड्रायव्हरकडे असतं. तो दांडा पुढे-मागे सरकला की गियर पडतो किंवा निघतो. स्वतःभोवती थोडा फिरला की रांग बदलते, पहिला-दुसऱ्याची रांग सुटून तिसरा-चौथ्याची लागते. आता हेच सगळं उचलून जसंच्या तसं सीटामागे ठेवा. दांड्याचं तोंड अजूनही मागेच, पण ड्रायव्हर आता पुढे. हात एकीकडे, दांडा दुसरीकडे, मध्ये अख्खं इंजिन. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं इंजिन मागे नेणाऱ्या कोणालाही याची सोय लावावीच लागते. फियाटने १९७२ साली १२८ मोटारीचं इंजिन-गियरबॉक्स सीटामागे टाकून एक्स १/९ ही छोटी स्पोर्ट्‌स कार आणली, तेव्हा त्यांनाही लावावी लागली.

मी काय केलं? लिव्हरपासून एक सीमलेस पाइप फरशीखालून, गियरबॉक्सच्या खालून, थेट त्याच्या मागे नेला. तिथे पाइपावर वर तोंड करून एक हात, म्हणजे छोटी पट्टी, वेल्ड केला, गियरबॉक्सच्या दांड्यावर खाली तोंड करून दुसरा, आणि दोघांची टोकं एका बॉल जॉइंटने जोडली. पाइप मागे सरकला की दांडा मागे सरकतो, तिथे काही बदलत नाही. पण फिरण्याची दिशा उलटते. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं जशी उलटसुलट फिरतात, तसंच. एवढ्यावर थांबलं तर पहिला-दुसरा उजवीकडे जातात. म्हणून लिव्हरचं खालचं टोक पाइपाच्या खालच्या बाजूला न धरता वरच्या बाजूला धरलं. तिथे दिशा आणखी एकदा उलटली, आणि गियर ज्याच्या त्याच्या जागी आले.

खरा वेळ गेला तो यानंतर, लूज म्हणजे सांध्यांतली ढिलाई काढण्यात. हिशेब सोपा आहे. लिव्हरच्या टेकूपासून वरची मूठ ३०० मिलिमीटर आणि खालचं टोक ५० मिलिमीटर असेल, तर खालची चाल मुठीशी सहापट होते. चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर लूज धरा. खाली २ मिलिमीटर होतो, मुठीशी १२. एवढ्या ढिलाईत हाताला दुसरा कुठे आणि चौथा कुठे हे कळत नाही. शहरातल्या डांबरावर चुकलेला गियर पुन्हा टाकता येतो. आमच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, चढाला दुसऱ्यावरून पहिला वेळेत पडला नाही तर गाडी जागीच रुतते आणि मग ट्रॅक्टर बोलवा. म्हणून खालचं माप ५० चं ७५ केलं. चाल सहापटीवरून चौपटीवर आली. हाताला जोर दीडपट लागतो, तो मला मंजूर आहे.

दुसरी गोष्ट लोक हमखास काढून फेकतात. ८०० मध्ये गियरच्या दांडीशेजारून आणखी एक दांडी जाते, ती काहीच हलवत नाही. ती लिव्हरचं बूड गियरबॉक्सला बांधून ठेवते. आडवं इंजिन रबरावर बसलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की एकीकडे कलतं, सोडला की दुसरीकडे. लिव्हर सांगाड्याला पक्की केली तर हे कलणं गियरच्या दांड्याला ओढतं आणि चालत्या गाडीत गियर निसटतो. मी ती दांडी लांब करून ठेवली, आणि मागचे दोन्ही बुशही (पाइप ज्यांत सरकतो-फिरतो त्या कड्या) सांगाड्याला नाही, गियरबॉक्सलाच बसवले. इंजिन हललं की सगळी जोडणी त्याच्याबरोबर हलते.

जुळवणी करताना गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवलेली होती. इंजिन बंद असताना आतले दात समोरासमोर आले तर गियर पडतच नाही, म्हणून भाचा मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायचा, मी मूठ ढकलायचो, आणि "खट" आवाज झाला की तो खाली वाकून पाइपावर खडूने रेघ मारायचा. त्या रेघांवरून पाइपावरच्या आणि दांड्यावरच्या त्या दोन हातांची लांबी ठरली. तोवर सगळं नुसतं वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांवर होतं. पक्कं वेल्डिंग बुश बाहेर काढून केलं, म्हणजे त्यांना उष्णता लागत नाही.

पाइपाऐवजी केबल का नाही, हेही पुष्कळ जण विचारतात. केबल वाकडीतिकडी नेता येते, काम निम्मं होतं, खरं आहे. पण तिचं आवरण फाटून चिखल आत गेला की ती जड होते, आणि मापाची केबल नागपूरहून मागवावी लागते. माझा गनमेटलचा बुश झिजला तर तालुक्याचा लेथवाला दुपारपर्यंत नवा काढून देतो. भर हंगामात मला हे जास्त मोलाचं वाटतं. बुशांवर ग्रीसचे निपल आहेत, बॉल जॉइंटवर रबरी टोपी आहे. मृग लागायच्या आत दोन्ही पाहून घेतो, कारण ओली माती सांध्यात शिरली की पॉलिश पेपरसारखं काम करते.

तुम्ही अशी गाडी करायला घेत असाल तर इंजिनाचे माउंट वेल्ड करण्याआधी गियरबॉक्सच्या दांड्याचं तोंड कुठे येतं ते बघा आणि त्याच्या मागे पाना फिरेल एवढी जागा सोडा. टाकी, सायलेन्सर, सीट नंतरही सरकवता येतात.