पैकीच्या पैकी, म्हणजे नेमकं किती?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत विषय साधनव्यक्ती (शाळांना भेटी देऊन शिक्षकांना विषयाचं मार्गदर्शन करणारा) म्हणून भेट होती. चौथीतल्या एका मुलाबद्दल सरांची तक्रार: "पोरगं हुशार हाय, पण शिकवताना लक्ष नाई त्याचं." चाचणीत मात्र गणितात पैकीच्या पैकी.

कारण वर्गातच दिसलं. तिसरी-चौथी एका खोलीत. तिसरीत बसूनच त्यानं चौथीचे धडे ऐकले होते. यंदा त्याच्या वाट्याला नुसती उजळणी. लवकर आटोपलं की इतरांच्या वह्या तपासायच्या. ही पद्धत बऱ्याच शाळांत आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. शिक्षकाची सोय होते, मुलाचं शिकणं थांबतं.

पैकीच्या पैकी मिळाले की मुलाला कुठवर येतं ते कळतच नाही, कारण पेपर त्याच्या आधी संपलेला असतो. म्हणून तो अडेपर्यंत विचारत गेलो. पुढच्या घटकातली सगळ्यांत अवघड पाच गणितं: पाचही बरोबर. सहावीचे अपूर्णांक: जमले. मग विचारलं, 1, 2, 3, 4 हे अंक एकेकदा वापरून चार अंकी संख्या किती? पहिल्या घरात चार पर्याय, मग तीन, मग दोन, असं करत त्यानं 24 सांगितलं. त्या सगळ्यांची बेरीज? प्रत्येक घरात प्रत्येक अंक सहा वेळा येतो, म्हणजे घराची बेरीज 60, हे त्याचं त्यानंच शोधलं आणि 66,660 वर पोचला.

आता अंक 1, 1, 2, 3. चटकन म्हणाला, 24. "लिहून पाहा," म्हटलं. थोड्या वेळानं चेहरा उतरला. "सर, हे तं डबल येऊन राह्यले." खोडरबरानं सगळं पुसलं, डोळ्यांत पाणी. शाळेत आजवर कुठं अडलाच नव्हता, तर अडल्यावर काय करायचं ते कुठून येणार? "पुसू नको बेटा, सारख्या आल्या त्यांच्याखाली रेघ मार," एवढंच सांगितलं. मधली सुटी झाली तरी उठला नाही. 12 आलं, आणि का आलं तेही त्यानं सांगितलं.

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत 80 प्रश्नांना 2 तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. ती तयारी जरूर करून घ्यावी. पण एकाच प्रश्नाशी तासभर झुंजणं तिच्यातून येत नाही.

सरांशी ठरलं ते असं. घटक सुरू करण्याआधी 10 प्रश्न. 9 बरोबर आले तर सराव माफ, चुकलेलं तेवढंच शिकवायचं. वाचलेल्या वेळात तसलीच आणखी वीस गणितं द्यायची नाहीत. ती शिक्षा वाटते आणि पोरं मुद्दाम सावकाश सोडवायला लागतात. आठवड्याला एकच मोठा प्रश्न, त्यासाठी वेगळी वही. आणि अडला तरी पहिली पंधरा मिनिटं उत्तर सुचवायचं नाही. सरांना हेच सगळ्यांत जड जाणार आहे. पोर रडवेलं झालं की शिक्षकाचा हात आपसूक खडूकडे जातो.