आमची वाटचाल : चौदा घरांची पट्टी

मनोविकारतज्ज्ञांच्या ओपीडीबाहेर बाकावर बसून पेशंट जे फॉर्म भरतात, ते आम्ही मराठीत तयार करतो. मुख्यतः पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची लक्षणं किती आहेत ते पाहणारी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, त्रास किती दिवस झाला त्यावरून प्रत्येकी ० ते ३ गुण.

भाषांतर नीट असूनही लोक 'अर्ध्याहून जास्त दिवस' या पर्यायापाशी अडायचे. साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडच्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, चौदा दिवसांचा हिशोब तोंडी कोण करणार? घरं आखून द्या की." त्यातून आमची पट्टी झाली: लॅमिनेट केलेली, १४ घरांची, पुसता येणारं पेन दोऱ्याने बांधलेली. त्रास झाला त्या दिवसाच्या घरात फुली. आठ फुल्या झाल्या की अर्ध्याहून जास्त. प्रश्नांच्या शब्दांना हात लावला नाही. टाइप मोठा केला आणि झोपेच्या प्रश्नातला 'किंवा' ठळक केला, कारण दिवसभर झोपून राहणारी माणसं 'झोप न लागणे' एवढंच वाचून 'अजिबात नाही'वर टिक करत होती.

मग दुसरी एक कंपनी आली. त्यांनी पर्यायांच्या जागी हसरे-रडके चेहरे टाकले, प्रश्न आपल्या मनाने सोपे केले आणि पेशंट बिचकतात म्हणून जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलचा नववा प्रश्नच काढून टाकला. आमचं सर्वांत मोठं हॉस्पिटल त्यांच्याकडे गेलं. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून माणूस हसरा चेहरा निवडतो, हे मी त्या मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं. बेरीज १० किंवा जास्त आली की नैराश्याची शक्यता धरतात; शब्दच बदलले तर ही १० गुणांची रेघ कशाच्या आधारावर मारणार, हेही विचारलं. "तुमचं दिसायला जुनाट आहे," एवढंच उत्तर मिळालं. ते अजून डाचतं. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही हो!

त्या वर्षी कटिंग मशीन विकलं, दोन महिने पगार थकले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी न मागता सहा महिन्यांच्या फॉर्मचे पैसे आधी पाठवले, त्यावर तरलो. पुढची वर्षं बरी गेली.

नव्या क्लिनिकवाल्यांना सांगतो, फॉर्म देताना सोबतच्या माणसाला चहाला पाठवा. सासू शेजारी बसली असेल तर सुनेच्या फॉर्मवर सगळी शून्यंच येणार. आणि नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज करत बसू नका, फॉर्म तडक डॉक्टरांच्या हातात द्या.

परवा साताऱ्यात एका आजींनी पट्टीवर पाच फुल्या केल्या आणि शेवटच्या घरावर पेन धरून थांबल्या. "आजचा दिवस धरू का? अजून संध्याकाळ व्हायचीय."

नव्या पट्टीवर शेवटच्या घरात 'काल' छापतोय.