साडेसात मिनिटं आणि बर्फाचा ट्रे

मे महिन्यात भर दुपारी गिरगावातल्या खोताच्या वाडीत फोटो काढायला जाऊ नये, हे मला कृष्णधवल फिल्मचा रोल घरीच धुतल्यावर कळलं. चुन्याच्या भिंतीवर रणरणतं ऊन, त्याला लागूनच लाकडी व्हरांड्यातला काळोख. माझ्या डोळ्यांना दोन्ही नीट दिसत होतं. फिल्मवर उजेड काळा उमटतो, पण इथे भिंतीचा नुसता काळा ठोकळा झाला होता. स्कॅन केल्यावर भिंत फटफटीत पांढरी, ना पोपडे, ना भेगा.

मामाने एके काळी परळला स्टुडिओ चालवलाय, पासपोर्ट फोटो आणि लग्नं. त्याने निगेटिव्ह हातात घेतली आणि टेबलावरच्या पेपरवर ठेवली. "त्या भिंतीतून खालची अक्षरं वाच." दिसेनात. "सगळ्यात गडद भागातूनही छपाई जेमतेम वाचता आली पाहिजे. नाहीतर रोल जास्त शिजला. पाणी किती डिग्रीचं होतं?"

पाणी नळाचं होतं. मी एचपी५ प्लस ही फिल्म वापरते, डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) डी-७६, एकास एक पाणी घालून. तक्त्यात ११ मिनिटं लिहिलंय, म्हणून मी सेकंदकाटा बघत बरोबर ११ मिनिटं दिली. पण त्याच तक्त्यातले '२० डिग्री' हे शब्द मी शोभेचे समजले होते. थर्मामीटर आणून बघितलं तर ३१! चाळीच्या गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात असते, दुसरं काय होणार. डिग्रीमागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे माझ्या फिल्मला दुपटीहून जास्त डेव्हलपमेंट मिळाली होती.

दुसऱ्या रोलला मी शहाणपणा केला. पाणी तेच ठेवलं आणि वेळ एकदम साडेचार मिनिटांवर आणली. दोन गोष्टी बिघडल्या. पाच मिनिटांच्या आत डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, त्यामुळे आभाळात पट्टे आले. आणि व्हरांडा? तिथे निगेटिव्ह कोऱ्या काचेसारखी. मला वाटलं वेळ कमी पडली. मामा म्हणाला, "अगं, सावलीत काही उतरलंच नाही, तर डेव्हलपर कुठून आणणार?"

माझी गाडी इथेच अडली होती. सावलीच्या भागात प्रकाश लागलेले चांदीचे कण थोडे असतात, त्यांचं काम डेव्हलपर लवकर उरकतो. उन्हाच्या भागात मात्र ढीग असतो, तिथे मिनिटागणिक काळेपणा चढत राहतो. म्हणजे वेळ वाढवली की गडद टोक आणखी गडद होतं, फिकं टोक जवळपास जागेवरच राहतं. या दोन टोकांतलं अंतर म्हणजेच कॉन्ट्रास्ट. सावली कॅमेऱ्यात ठरते, ऊन टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या बंद डब्यात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास याचीच झोन सिस्टिम बांधली. मामाला ते नाव ठाऊक नव्हतं. तो नुसतं "काळोखाला उजेड दे, उन्हाला घड्याळ दाखव" म्हणायचा.

तिसऱ्या वेळी कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. माझ्या पेंटॅक्स के१००० कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, आणि उन्हातली भिंत ती सरासरी पळवून नेते. म्हणून फिल्मची संवेदनशीलता ४०० ची असली तरी कॅमेऱ्याची डायल २०० वर ठेवली, म्हणजे एक स्टॉप जास्त, दुप्पट उजेड. तेवढ्याच्या बदल्यात डेव्हलपमेंट कापायची.

राहिलं तापमान. २० डिग्रीचा हट्ट सोडला, कारण ३१ च्या खोलीत टँक हातात धरला की काटा सरकायला लागतो. २४ जमतं. कपड्यांच्या टबात पाणी घ्यायचं, बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात सोडायचा (थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर तो पातळ होतो, हेही मी करून बघितलंय) आणि डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), धुवायचं पाणी, सगळ्या बाटल्या त्यातच उभ्या करायच्या. २४ ला ११ ची साधारण साडेसात मिनिटं होतात. कडक उन्हाचा रोल म्हणून त्यातून वीस टक्के वजा केले, राहिली सहा. आईचं म्हणणं, "सरबताला बर्फ मिळत नाही या घरात."

आणि हलवणं! मी टँक नारळात पाणी आहे का बघावं तसा सतत खुळखुळवत होते. हलवलं की गडद भागाला ताजा डेव्हलपर मिळतो आणि तो आणखी चढतो. आता प्रत्येक मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटा-सुलटा, मग टबात ठेवून द्यायचा. हात शिवशिवतात, पण भिंतीवरचे पोपडे दिसायला लागले ते त्यानंतरच.

तरीही खात्री नव्हती, म्हणून एक अख्खा रोल त्याच भिंतीवर आणि व्हरांड्यावर उडवला आणि चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून काम करायची, उजेड न शिरणारी पिशवी) अंदाजाने तीन तुकडे केले. बॅगेत हाताला असा घाम सुटला की ओलसर फिल्म टँकच्या रिळावर चढेना, दोनदा अडकली. शेवटी वहिनीच्या एसीच्या खोलीत बसून काम उरकलं. सहा, साडेसात आणि नऊ मिनिटं, बाकी सगळं सारखं. तिन्ही पट्ट्या खिडकीला चिकटवल्या. व्हरांड्याचा कठडा तिन्हींत जवळपास सारखा होता, भिंत मात्र पायऱ्या चढावी तशी काळी होत गेलेली. एवढं बघायला मी तीन रोल वाया घालवले होते. हा रोल आधी मारला असता तर पैसे वाचले असते.

जुलैत उलटा प्रश्न आला. ढगाळ आभाळ, गिरगाव चौपाटीवर समुद्र आणि वाळू एकाच करड्या रंगाची. डायल परत ४०० वर, २४ डिग्रीलाच नऊ मिनिटं. शेवटचं धुणं मी नळ सोडून करत नाही, पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं. टँक भरून पाच वेळा उलटवा, पाणी बदलून दहा वेळा, मग वीस. लिटरभरात काम होतं.

परवा मामा आला होता. पट्टी पेपरवर ठेवून चष्मा वर केला आणि आभाळातून पावसाचा अंदाज वाचून दाखवला. मग तीच पट्टी उजेडाकडे धरून म्हणाला, "वाळायला पंख्याखाली लावलीस ना? धूळ बसलीये."