सीट बदलाव्यात की गाडीच दुसरी शोधावी?

वापरलेली पोर्शे ९११ शोधताना माझ्यापुढे एकच प्रश्न वारंवार उभा राहिला: इंजिन, रंग आणि गिअरबॉक्स मनासारखे असलेल्या गाडीत हव्या तशा सीट नसतील, तर त्या नंतर बसवून घ्याव्यात, की मुळातच तशा सीट असलेली गाडी मिळेपर्यंत थांबावे?

गिअर लिव्हरची मूठ बदलणे फारसे अवघड नाही. सीटचे मात्र तसे नाही. बोल्ट काढून सीट मागे कलती केली की खाली तारांचा जुडगा दिसतो. त्यात साइड एअरबॅगचा पिवळा कनेक्टर असतो, सीटबेल्टच्या बकलची तार असते, आणि नव्या सीटला मेमरी (बसण्याची ठरवलेली स्थिती लक्षात ठेवणारी सोय) किंवा हीटिंग असेल, तर त्यासाठी लागणारी तारजोडणी व कंट्रोल युनिट त्या गाडीत बहुधा नसतेच. सारे बसवल्यावरही गाडीच्या संगणकात कोडिंग करावे लागते. एअरबॅगची जोडणी बॅटरी सोडवून, जाणकाराकडूनच करून घ्यावी, याबाबत मी तडजोड करणार नाही.

९९७ मालिकेतील, म्हणजे ९११च्या एका पिढीतील, गाडी पाहताना मी पुढचे झाकण उघडून आतल्या बाजूची पट्टी आधी वाचतो, कारण कारखान्यातून कोणते पर्याय आले होते, त्यांचे सांकेतिक क्रमांक तिच्यावर छापलेले असतात.

यांत्रिक स्थिती उत्तम आणि देखभालीच्या नोंदी पूर्ण असलेली गाडी केवळ सीटसाठी सोडू नये, असे माझे मत आहे. परंतु सीटबरोबर ध्वनियंत्रणा आणि स्टिअरिंगही बदलायचे असेल, तर मी थांबेन.