बाह्यकोन, ३६० अंश आणि गाळलेली अट

भूमिती पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली, तेव्हा बहुभुजाकृतींचं प्रकरण झटपट उरकेल असं मी धरून चालले होते. आंतरकोनांची बेरीज तशी उरकलीही: बाजूंच्या संख्येतून २ वजा करा, १८० ने गुणा. घोडं अडलं बाह्यकोनांपाशी, म्हणजे एक बाजू पुढे वाढवली की ती आणि लगतची बाजू यांच्यात होणाऱ्या कोनांपाशी.

पुस्तकात चौकटीत ठळक ओळ होती: कोणत्याही बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६०° असते. पडताळायला मी मुद्दाम वाकडी आकृती घेतली, एक कोपरा आत गेलेला चौकोन. कोन ३०, ४०, ५० आणि आत गेलेल्या कोपऱ्याचा २४०. बेरीज ३६०, म्हणजे आकृतीत खोट नाही. मग पहिले तीन कोन एकेक करून १८० मधून वजा केले. आले १५०, १४०, १३०. या तिघांचीच बेरीज ४२०! चौथा अजून यायचाच होता. त्या कोपऱ्यापाशी बाजू वाढवली तर रेघ थेट आकृतीत शिरते. त्याला बाह्यकोन म्हणायचं तरी कसं? पुस्तक गप्प. सोडवून दाखवलेली उदाहरणं सगळी सुसम षटकोन नि अष्टकोनाची, जिथे ही अडचण कधी येतच नाही.

सुटका केली पेन्सिलीने. एका बाजूवर पेन्सिल ठेवून पुढे सरकवायची आणि प्रत्येक शिरोबिंदूपाशी वळवून पुढच्या बाजूला लावायची. तीन ठिकाणी ती डावीकडे वळली, आतल्या कोपऱ्यात मात्र उजवीकडे, ६० अंश. उलटं वळण, म्हणून वजा. ४२० − ६० = ३६०. पेन्सिल एक पूर्ण फेरा घेऊन मूळ दिशेला आली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे एकतर आकृती बहिर्वक्र (एकही कोपरा आत न गेलेली) हवी, नाहीतर उलटं वळण वजा धरायला हवं. दोन्हींतलं एकही सांगायचं नाही आणि वर ‘कोणत्याही’ म्हणून छापायचं! अजून राग येतो.

आकृती बहिर्वक्र आहे का, हे ओळखायला प्रत्येक बाजू दोन्हीकडे वाढवून बघा. उरलेली आकृती दर वेळी रेषेच्या एकाच अंगाला राहिली पाहिजे.

सुसमबद्दल आधीच सांगायला हवं होतं: सगळ्या बाजूही समान हव्यात आणि सगळे कोनही. नुसत्या बाजू समान असून भागत नाही (समभुज चौकोन बघा), नुसते कोन समान असूनही नाही (आयत). आणि सुसम आकृतीचा आंतरकोन १५६° देऊन बाजू किती ते विचारलं, तर मोठ्या सूत्राच्या वाटेला जाऊच नका. बाह्यकोन २४, ३६० भागिले २४, उत्तर १५. आंतरकोन १००° दिला तर भागाकार साडेचार येतो. तशी सुसम आकृती नसतेच.

बहिर्वक्र आकृतीत जास्तीत जास्त किती लघुकोन? तीन. लघुकोनाचा बाह्यकोन ९० हून मोठा, त्यामुळे चार झाले की बेरीज ३६० च्या पुढे. हे मी आकृती न काढता सांगते, पण प्रश्नात ‘बहिर्वक्र’ लिहिलं असेल तरच. पाच टोकांच्या चांदणीची बाहेरची कड काढली तर दहा बाजू होतात आणि लघुकोन पाच.