बोटं वळतील का, असं विचारता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "कॉलेजात गिटार वाजवायचो, मग वीस वर्षं हात लावला नाही. आता बोटं वळतील का?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत आलाय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आलाय आणि एकदा ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकले असताना आलाय. विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, तेही दादर यायच्या आत. मी उलट विचारते, "गिटार कुठे आहे?" "माळ्यावर." "आणि कॅपो आहे का?" (कॅपो म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा.) इथे माणूस जरा हिरमुसतो. आपण बोटांचं विचारलं आणि ही बाई सामानाची चौकशी करतेय.

करणारच. बोटं वळतात. संधिवात किंवा जुनी दुखापत सोडली, तर सी कॉर्डवरून जी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) जाऊच शकत नाही असा हात मी अजून पाहिलेला नाही. माळ्यावरच्या गिटारीची मात्र मी खात्री देत नाही.

ती खाली काढल्या काढल्या ट्यून करू नका. नेहमीचा १२-५३चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, हजारांश इंचात) स्टीलच्या तारांचा सेट पूर्ण सुरात चढवला की ब्रिजवर, म्हणजे पोटावरच्या ज्या पट्टीला तारा अडकवतात तिच्यावर, साधारण ७० किलोंचा ताण येतो, आणि तो ब्रिज बहुतेक वेळा नुसत्या गोंदावर उभा असतो. टेरेसखालच्या माळ्यावर वीस उन्हाळे आणि वीस पावसाळे काढलेला गोंद. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. कागद आत शिरला तर तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या. जुना गोंद पूर्ण खरवडून, क्लॅम्प लावून ते काम होतं; घरात वरून गोंद सोडून होत नाही. तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतील तर तुमची गिटार नायलॉनच्या तारांची आहे. तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. ती निम्म्याच्या आसपास ताणासाठी बांधलेली असते.

जुन्या तारा टाकून द्या. हिरवट पडलेल्या तारांवर सुराची अपेक्षा धरू नये. १०-४७चा सेट घ्या आणि पहिले दोन महिने अर्धा स्वर खाली लावा. तेवढ्यानंही ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. गाण्याबरोबर मूळ पट्टीत वाजवायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो. धोबी तलावला फर्टाडोज आहे, १८६५ सालचं दुकान. तारा, कॅपो, ट्यूनर सगळं तिथे एका फेरीत होतं. काळवंडलेले फ्रेट चार शून्यांच्या स्टील वूलने घासा, आधी मधल्या लाकडावर मास्किंग टेप लावून. इलेक्ट्रिक असेल तर पिकअपही, म्हणजे तारांखालचा आवाज टिपणारा भाग, झाका, नाहीतर त्याचं चुंबक लोखंडाचा भुगा ओढून घेतं.

इथपर्यंत मी पूर्वीही सांगायचे. पुढचं जे आता सांगते, ते पूर्वी सांगत नव्हते. पूर्वी माझं एकच उत्तर असायचं: सराव वाढवा.

मुलुंडचे एक गृहस्थ होते, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. गिटार कलकत्त्याला बनलेली, प्लायवूडची, प्लॅस्टिकचा नट. (नट म्हणजे नाटकातला नव्हे. मानेच्या वरच्या टोकाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा कीजकडे, म्हणजे तारा आवळायच्या खुंट्यांकडे, जातात.) तीन महिने ते रोज अर्धा तास एफ कॉर्डवर बसायचे. मी त्यांचा अंगठा बघितला, कोपर अंगाजवळ घेतलं, पहिलं बोट कडेवर कलतं केलं, फ्रेटला अगदी चिकटवलं. बी आणि जीच्या तारा तरीही मुक्या. ते म्हणायचे, "वय झालं हो." मी म्हणायचे, "सराव वाढवा." त्यांनी तो खरंच वाढवला. पहिल्या बोटाच्या कडेला लाल वळ उठायचे.

लाज वाटते ती पुढच्या भागाची. ती गिटार मला रोज सांगत होती. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर, आणि सी वाजवली की बेसूर. मग मी बीची तार कणभर उतरवायचे; सी गोड व्हायची आणि जीमधली मोकळी बी पडायची. पुन्हा चढवायचे. असे तीन महिने. तारा स्वस्तातल्या असतील, असं मी ठरवून टाकलं होतं. खरं कारण असं: नटच्या खाचा उथळ, म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी तार उंच. उंच तार खाली टेकवताना ती ताणली जाते आणि ताणली की सूर चढतो. सीमध्ये बीची तार पहिल्याच फ्रेटवर दाबतात, जीमध्ये ती मोकळी असते. म्हणून एक जुळवली की दुसरी बिघडणार. आणि एफमध्ये तर पहिलं बोट त्याच पहिल्या फ्रेटवर, सहाच्या सहा तारांवर आडवं.

त्यांनी सोडून दिलं. गिटार माझ्याकडे आणून ठेवली, "कुणा होतकरू मुलाला द्या" म्हणाले. ती द्यायची म्हणून मी नव्या तारा चढवल्या आणि तेव्हा पहिल्यांदा मोजमाप घेतलं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघायचं. तिथून जेमतेम कागद जावा. माझी दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक सहज गेली.

म्हणून आता कॅपो. पहिल्या फ्रेटवर तो लावा आणि तीच कॉर्ड एक घर पुढे धरा. गिटार एकदम मऊ वाटली तर दोष नटचा, कारण कॅपोने नटला बाजूला काढलं. किंवा कॅपोशिवाय बार कॉर्ड (एफसारखी, पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं) पाचव्या फ्रेटवर धरून बघा. तिथे सुटी वाजते आणि पहिल्यावर डोंगर होतो? पुन्हा नट. थोडा फरक चांगल्या गिटारीवरही राहतो, कारण नटजवळ तार मुळातच ताठ लागते. डोंगर मात्र नसावा. पाचव्यावरही जमत नसेल तर खालून बघायचं: मान किती वाकली आहे, सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) किती उंच आहे.

क्रम चुकवू नका. आधी मान. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा, सातव्यापाशी ०.१ ते ०.२५ मिलीमीटर फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा, एका वेळी तेवढाच, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. किल्ली अडली तर जोर करू नका, थांबा. मग सॅडल. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली अडीच मिलीमीटर, बारीक ई तारेखाली दोनच्या आत. तिथे अर्धा मिलीमीटर उतरवायचा असेल तर सॅडलच्या बुडातून एक मिलीमीटर घासावा लागतो, दुप्पट. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून. नट शेवटी, आणि तो शक्यतो घरी नकोच. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, खाचेचा उतार कीजकडे हवा, आणि दोन घास जास्त झाले की मोकळी तार खणखणते. मग खाच बुजवून पुन्हा कापा, नाहीतर नवा नट घाला. ट्यून करताना 'टिक्' असा आवाज होऊन सूर उडी मारत असेल तर मात्र खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. तेवढं कुणालाही जमतं.

"आम्ही नाही का असल्याच गिटारींवर शिकलो?" हे मला बरेच जण ऐकवतात. मीही स्वतःला ऐकवते. शिकलो. पंधराव्या वर्षी, सुट्टीत, दिवसाला चार तास. पन्नाशीत चर्चगेटहून उभ्याने घरी येऊन मिळणाऱ्या पंधरा मिनिटांत तो खर्च परवडत नाही.

आणि तरीही. नट नीट करून दिलेल्यांपैकीही काहींनी गिटार पुन्हा माळ्यावर टाकली. काहींना मी एक छान सबब दिली. आता ते सराव न करता नटचं सांगतात. मुलुंडचे गृहस्थ त्या खाचांमुळे थांबले की तसेही थांबले असते, हे मला ठरवता येत नाही. पूर्वीची मी म्हणते, हातात कानस आली की तुला सगळीकडे नटच दिसतो. तिचं अगदीच चूक नाही.

बोटांचं थोडक्यात. सकाळी बारा मिनिटं, रात्री बारा. सलग तास नको. घट्टे पडायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच बसलात तर मऊ कातडी तारेवर सोलली जाते. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत. सूर स्वच्छ येतो तिथेच दाब थांबवा; त्यापुढचा जोर फुकट जातो आणि वर सूर चढवतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. जुनं गाणं जुन्या वेगात वाजवायचा मोह मोठा असतो, कारण कॉर्ड कुठली ते डोक्याला आठवतं, हात मात्र मागे राहतो. बोटांची टोकं दुखणं ठीक. मनगट दुखलं किंवा मुंग्या आल्या तर त्या दिवशी गिटार पेटीत बंद.

पावसाळ्यात वरची फळी ओल पिते, फुगते, ब्रिज वर येतो आणि मेमध्ये लावलेली अॅक्शन (फ्रेटवरची तारांची उंची) जुलैत वाढते. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलैत ती ऐंशीच्या पुढे. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, एसीच्या झोतातही ठेवू नका. गिटारीच्या पेटीत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), सोबत छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

मुलुंडची गिटार अजून माझ्याकडेच आहे. नट केल्यावर मी त्यांना फोन केला होता, काय होतं तेही सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर धरत होतो?" हो म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि पावसाचं विचारलं.